शपथ, उपकार आणि तसबीर : 'संशयकल्लोळ'मधील दोन जोडपी

गोविंद बल्लाळ देवल यांच्या सात नाटकांपैकी वर्गात अधिक शिकवले जाते ते 'शारदा', आणि प्रेक्षक पुन्हापुन्हा मागतात ते 'संशयकल्लोळ'. पहिल्यात जरठबालाविवाहाचा सामाजिक प्रश्न आहे, म्हणून ते अभ्यासाचे; दुसऱ्यात हसू आणि गाणे आहे, म्हणून ते करमणुकीचे, अशी वाटणी आपल्याकडे फार दिवस रूढ झालेली दिसते. ही वाटणी तपासून पाहावी असे आम्हांस वाटते. 'संशयकल्लोळ'मध्येही एक प्रश्न आहे, आणि तो 'शारदा'तील प्रश्नाइतकाच जुना आहे. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाची किंमत कशावर ठरते? बोलणाऱ्याच्या शपथेवर, त्याच्या समाजातील स्थानावर, की तिसऱ्याच्या हाती सापडलेल्या एखाद्या वस्तूवर? प्रस्तुत लेखात या विनोदी नाटकातील शपथा, उपकार आणि भांडणे यांकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम या कथानकाची वंशावळ पाहू. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये 'स्गानारेल' ही एक लहानशी विनोदिका रंगभूमीवर आणली आणि तीत स्गानारेलची भूमिका स्वतः केली. सुमारे शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फी या नाटककाराने त्याच कल्पनेवर 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी इंग्रजी नाटक लिहिले. ते लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात झाले. मर्फीच्या नाटकावरून देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक रचले, ते १८९३ चे. पुढे त्यात पदे घालून देवलांनीच त्याला संगीत रूप दिले. मात्र ते रंगभूमीवर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गंधर्व नाटक मंडळीने 'संगीत संशयकल्लोळ'चा पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस फाल्गुनराव झाले, बालगंधर्व रेवती.

पॅरिस, लंडन आणि पुणे असा अडीचशे वर्षांचा प्रवास करूनही कथेचा सांगाडा फारसा बदललेला नाही. एका तरुणीला रस्त्यात घेरी येते. जवळून जाणारा एक प्रौढ गृहस्थ तिला सावरतो. त्याची बायको हे दृश्य पाहते आणि नवऱ्याला बाहेरचा नाद आहे असे ठरवते. या गडबडीत तरुणीजवळची तिच्या प्रियकराची तसबीर खाली पडते. ती बायकोच्या हाती लागते, आणि परपुरुषाची तसबीर न्याहाळणारी बायको पाहून नवरा तिच्याविषयी तेच ठरवतो. पुढे ती तसबीर प्रियकराच्या दृष्टीस पडते, तेव्हा आपण प्रेमाने दिलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी गेली कशी, हा प्रश्न त्याला छळू लागतो. फाल्गुनराव आणि कृत्तिका, अश्विनशेठ आणि रेवती. चार माणसे, दोन जोडपी, आणि चौघेही निरपराध. खलपुरुष या नाटकात नाही. तसबीर मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते आणि प्रत्येक हातात तिचा अर्थ पालटतो.

या दोन जोडप्यांमध्ये एक फरक आहे आणि तो आम्हांस मूलभूत वाटतो. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्यामागे विवाहसंस्कार उभा आहे. अश्विनशेठ आणि रेवती यांच्यामागे केवळ आणाभाका. आता आपल्या विवाहविधीत वधू-वर समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्द देतात, असे काही घडत नाही. कन्यादानाच्या वेळी धर्म, अर्थ आणि काम यांत हिचे अतिक्रमण करू नकोस असे वधूपिता सांगतो आणि वर 'नातिचरामि' असे त्रिवार म्हणतो. म्हणजे स्पष्ट उच्चारलेले वचन वराचे, आणि तेही सासऱ्यास दिलेले. वधूला कोणी शपथ घालत नाही. तिची निष्ठा गृहीत धरलेली असते. या विधीच्या प्रकाशात पाहिले तर कृत्तिकेचा त्रागा निव्वळ स्वभावदोष राहत नाही. नवऱ्याने अग्नीच्या साक्षीने जे वचन उच्चारले त्याचा हिशेब ती मागते आहे. फाल्गुनरावाची पंचाईत उलट आहे. बायकोने कधी शब्दच दिलेला नाही, तिचे पातिव्रत्य गृहीतच होते. गृहीत धरलेली गोष्ट एकदा डळमळली की ती पुन्हा उभी कशावर करायची हे त्याला उमगत नाही.

अश्विन आणि रेवती यांच्या बाजूला सगळा व्यवहारच शब्दांचा. या प्रकारच्या शब्दाविषयी आपली परंपरा काय म्हणते? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शपथा आणि दिव्ये यांचा विचार आला आहे. खोटी शपथ घेणाऱ्याचा इहलोकी आणि परलोकी नाश होतो असे बजावल्यानंतर लगेच काही अपवाद सांगितले आहेत, आणि त्यांतला पहिला कामिनींविषयी आहे. प्रणयात स्त्रीपुढे किंवा विवाह जुळवताना घेतलेल्या खोट्या शपथेचे पातक लागत नाही. रोमन कवी ओव्हिडही असेच सुचवतो : प्रेमिकांच्या खोट्या शपथांकडे ज्युपिटर हसून पाहतो. दोन दूरच्या संस्कृतींनी एकाच ठिकाणी सवलत द्यावी, आणि दोन्ही ठिकाणी ती पुरुषाला मिळावी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रेवती अश्विनशेठच्या आणाभाकांवर सहज विश्वास टाकत नाही, तेव्हा प्रेक्षक तिला लटक्या रुसव्याची नायिका समजून हसतात. वस्तुतः तिला देण्यात येणाऱ्या शपथेला धर्मशास्त्राने आधीच निम्म्या किमतीत काढले आहे.

देवलांच्या काळात शपथेला आणखी एक घर मिळाले होते, ते म्हणजे न्यायालय. पुराव्याचा कायदा १८७२ चा आणि शपथांचा कायदा १८७३ चा. दोन्ही एकापाठोपाठ आले, पण त्यांचे स्वभाव वेगळे होते. पहिला कायदा वस्तू, कागद आणि साक्षी यांची छाननी करू पाहत होता. दुसऱ्यात मात्र जुन्या जगाला एक खिडकी उघडी ठेवली होती. पक्षकाराने आपल्या समाजात बंधनकारक मानली जाणारी विशिष्ट शपथ घेतली, आणि 'त्याने ती घेतली तर मी मान्य करीन' असे प्रतिपक्षाने आधी कबूल केले असेल, तर त्या शपथेवरील कथन निर्णायक पुरावा ठरे. १९६९ च्या नव्या कायद्याने ती तरतूद संपवली. बेलभंडार उचलण्याची, तुळशीला हात लावण्याची, लेकराच्या डोक्यावर हात ठेवण्याची ज्या समाजाला सवय होती, त्या समाजातला वकील आणि कारकून वर्ग १८९३ च्या सुमारास नाट्यगृहात बसत होता. दिवसा तो पुरावे पाही आणि घरी शपथा ऐके. फाल्गुनराव हा या वर्गाचा विनोदी नमुना म्हणायला हरकत नाही. बायकोच्या तोंडच्या शब्दापेक्षा तिच्या हातच्या तसबिरीवर तो विसंबतो आणि आपण मोठे चौकस आहोत अशा समाधानात वावरतो. पुरावा खरा असून त्याचा अर्थ खोटा असू शकतो, हे त्याच्या गावी नाही.

देवलांनी मूळ कथेत केलेला सर्वांत मोठा बदल रेवतीच्या बाबतीत आहे. मर्फीची बेलिंडा कुलीन घरातली. तिचे लग्न ठरवायला बाप आहे. देवलांची रेवती मघा नायकिणीची मुलगी. हा बदल तत्कालीन वास्तवाच्या गरजेतून झाला असे सहज म्हणता येईल. प्रियकराची तसबीर जवळ बाळगणारी, एकटी रस्त्याने जाणारी, त्याच्याशी मोकळेपणाने बोलणारी अविवाहित तरुणी त्या काळच्या पांढरपेशा घरात दाखवणे अवघडच होते. पण केवळ सोयीसाठी केलेला बदल इतके काम करीत नाही. नायकिणीची मुलगी एकनिष्ठेची शपथ घेते तेव्हा ती शपथ ऐकणाऱ्याच्या मनात कुलाविषयीची शंका आधीच जागी असते. बेलिंडावर तसबिरीमुळे संशय येतो. रेवतीवर येणाऱ्या संशयाला तसबीर हे केवळ निमित्त पुरते. आणि लग्नाची बेलिंडाला असते त्याहून रेवतीला निकड अधिक, कारण या लग्नाने तिचे नुसते घर बदलणार नाही, तिच्या शब्दाची पत बदलणार आहे.

येथे देवलांच्याच दुसऱ्या नायिकेची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८८७ मध्ये त्यांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' मराठीत आणले होते. गणिका वसंतसेना नाटकाच्या अखेरीस वधूपदाला पोचते. त्या नाटकात न्यायालयाचा एक विख्यात प्रवेश आहे. विदूषकाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात आणि तेवढ्यावर निरपराध चारुदत्त खुनी ठरतो. १८९० मध्ये देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचले. तेथे एका हातरुमालाने निरपराध कमळजेचा बळी घेतला. त्यानंतर तीनच वर्षांनी आली ती तसबीर. दागिने, रुमाल, तसबीर. सहा वर्षांत तीन नाटके, आणि तिन्हींत एक मुकी वस्तू माणसाच्या शब्दावर मात करते. ही तिन्ही कथानके देवलांची स्वतःची नव्हेत, हे खरे. पण रूपांतरकाराची दृष्टी त्याच्या निवडीत दिसते. कमळजा कळवळून सांगते आणि झुंझारराव ऐकत नाही, ती शोकांतिका. त्याच प्रसंगाला देवल तीन वर्षांनी पुन्हा भिडले आणि त्यांनी जाधवरावासारखा कारस्थानी माणूस वगळून पाहिला. कोणीही कान भरत नसताना नवरा संशय घेऊ शकतो का? 'संशयकल्लोळ'चे उत्तर असे, की तो स्वतःच स्वतःचे कान भरतो.

आता उपकाराकडे वळू. सगळा घोटाळा सुरू होतो तो एका चांगल्या कृत्यातून, हे आपण हसण्याच्या भरात विसरतो. घेरी आलेल्या अनोळखी मुलीला फाल्गुनराव हात देतो; शुद्धीवर येऊन ती कृतज्ञता दाखवते. रंगमंचावर या प्रसंगाला दोन अर्थ आहेत, कारण सावरणाऱ्या हाताची आणि कवटाळणाऱ्या हाताची मुद्रा दुरून सारखीच दिसते. कृत्तिकेला दिसते ती मुद्रा. बोलणे तिच्या कानांपर्यंत पोचत नाही. आमच्या मते हा केवळ प्रहसनाचा डाव नाही. परस्त्री आणि परपुरुष यांच्यात उपकार आणि कृतज्ञता एवढेच नाते असू शकते, ही कल्पनाच त्या समाजाच्या दृश्यभाषेत बसत नव्हती. 'आभार' या शब्दात भार आहे. आपण उपकाराचे ओझे म्हणतो, उपकार फेडण्याची भाषा करतो. नायकिणीची मुलगी गृहस्थाचे उपकार कशाने फेडणार, असा कुत्सित प्रश्न प्रेक्षागृहातही कोणाच्या मनात डोकावत असेल. रेवतीच्या वाट्याला साधी कृतज्ञतासुद्धा निर्मळपणे येत नाही. आणि फाल्गुनरावाने आयुष्यात केलेले एक निरपेक्ष काम त्याच्या घरात आग लावून जाते.

भांडणांचे काय? देवलांनी पात्रांना दिलेली नावे या ठिकाणी मजेशीर उजेड पाडतात. पुरुषांना महिन्यांची नावे : फाल्गुन, अश्विन, वैशाख, भादवा. स्त्रियांना नक्षत्रांची : कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. आपले महिने नक्षत्रांवरून ओळखले जातात, पण कृत्तिकेचा महिना कार्तिक. फाल्गुनाशी तिचा मेळ पंचांगातच नाही. उलट रेवती हे सत्तावीस नक्षत्रांतले शेवटचे आणि अश्विनी पहिले, त्यामुळे चक्रात ती दोघे शेजारी येतात. हा मेळ देवलांनी योजला असो वा तो आपोआप जुळला असो, नाटकातील जोडप्यांना तो शोभतो. त्याहून अर्थपूर्ण आहे ती कृत्तिकांची कथा. महाभारताच्या वनपर्वात स्वाहेने सप्तर्षींपैकी सहा जणांच्या पत्नींची रूपे घेतली. अरुंधतीचे रूप मात्र तिला घेता आले नाही. त्या सहा जणींचा काही दोष नसताना ऋषींनी संशयाने त्यांचा त्याग केला. त्याच पुढे आकाशात कृत्तिका झाल्या. लग्नात वधूला दाखवतात ती अरुंधती, आणि देवलांच्या नायिकेचे नाव मात्र नाहक संशयाने टाकलेल्या बायकांचे.

देवलांची कृत्तिका मात्र त्या कथेतल्या बायकांसारखी मुकाट्याने निघून जात नाही. ती उलट भांडते. संशय घेण्याचा, पाळत ठेवण्याचा, जाब विचारण्याचा जितका अधिकार फाल्गुनराव स्वतःकडे घेतो तितकाच ती बजावते, आणि नाटककार दोघांच्या संशयाला सारखेच हास्यास्पद ठरवतो. ही बरोबरी मोलिएरकडून वारशाने आलेली असली तरी मराठी मुलखात १८९३ साली तिला वेगळे वजन होते. दादाजी भिकाजी आणि रखमाबाई यांचा खटला १८८४ ते १८८८ या काळात गाजला होता. समज नसताना, आपल्या संमतीवाचून झालेले लग्न आपल्याला बांधू शकत नाही, ही रखमाबाईंची भूमिका. थोडक्यात, जो शब्द मी दिलाच नाही तो पाळण्याची सक्ती का? १८८७ च्या निकालाने त्यांच्यापुढे नवऱ्याकडे नांदणे किंवा तुरुंगवास असे दोन पर्याय ठेवले होते. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून पुण्यात केवढे रण माजले हे सर्वश्रुत आहे. अशा वातावरणात नवऱ्याच्या निष्ठेचा जाब चारचौघांत मागणारी बायको रंगमंचावर येते आणि तिला शिक्षा होत नाही, हे विनोदामुळे शक्य झाले. गंभीर नाटकात हीच कृत्तिका कर्कशा ठरली असती किंवा कमळजेच्या वाटेने गेली असती.

तरीही ही बरोबरी पूर्ण नाही, हे नोंदवले पाहिजे. संशय खरा ठरला असता तर फाल्गुनरावाचे काय झाले असते? चार दिवस अबोला, शेजाऱ्यांची कुजबुज. कृत्तिकेचे काय झाले असते? घर सुटले असते. आणि रेवतीचे? नायकिणीचीच मुलगी, असे म्हणून लोक मोकळे झाले असते. प्रेक्षक चौघांना सारखे हसतो, पण चौघांनी पणाला लावलेले सारखे नाही. शपथ हे त्यांतल्या दुबळ्याचे साधन आहे; ज्याच्या हाती दुसरा पुरावा नाही तो शपथ घेतो, आणि ज्याला पुरावा देण्याची गरज नाही तो ती घालतो.

आम्ही जेथे शिकवतो त्या भंडारा जिल्ह्यात हा मुद्दा वेगळ्या वाटेने समजावून देता येतो. वरठीला भंडारा रोड स्थानक आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग येथून जातो, पण आमच्या विद्यार्थ्यांची नाटकाशी ओळख या मार्गाने आलेली नाही. ती गावच्या मंडईतून आलेली आहे. दिवाळी सरली, धान निघू लागले, की गावोगाव मंडई भरते; दंडार आणि झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीची बाहेर थोडीफार दखल घेतली गेली. येथल्या माणसाला तिचे महत्त्व सांगावे लागत नव्हते. या नाटकांत नवरा-बायकोचे भांडण आले की मंडप हसतो आणि नायिकेने मंगळसूत्राला हात लावला की मंडप गप्प होतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. म्हणूनच 'संशयकल्लोळ' शिकताना त्यांचा पहिला प्रश्न असतो, की कृत्तिका कुंकवाची शपथ घेऊन हा तंटा एका वाक्यात का मिटवत नाही? प्रश्न भाबडा नाही. मेलोड्रामात शपथेला प्रमाण मानणारा प्रेक्षक लागतो. विनोदिकेत शपथ कितीही खरी असली तरी ऐकणारा कान आधी बंद झालेला असतो. फाल्गुनराव बायकोची शपथ ऐकतो ती तिच्या लबाडीचा आणखी एक नमुना म्हणून. संशयाला शपथेने उत्तर देता येत नाही, उलट ती त्याचा आहार होते, हे विद्यार्थ्यांना मंडईतल्या नाटकाशी तुलना केल्यावर चटकन कळते.

मग गुंता सुटतो तो कशाने? शपथेने नाही आणि नव्या पुराव्यानेही नाही. अखेरीस सगळी माणसे एका जागी येतात आणि तसबीर कोणाकडून कोणाकडे गेली हे सर्वांसमोर उलगडते. प्रत्येकाजवळ हकिकतीचा एकेक तुकडा होता. ते तुकडे सांगितले गेले आणि ऐकून घेतले गेले, इतकेच. १९१६ च्या संगीत रूपात पदांची श्रीमंती मुख्यत्वे अश्विन आणि रेवती यांच्याकडे गेली आणि फाल्गुनरावाची करामत गद्यात राहिली. त्यामुळे आणाभाका गाण्यात आणि भांडणे बोलण्यात अशी एक विभागणी प्रयोगात सहज तयार होते. गाण्यातली शपथ कानाला गोड लागते. घर चालते ते मात्र गद्यातल्या कटकटीवर. रेवती उद्या अश्विनशेठच्या घरी नांदू लागेल तेव्हा तिलाही या गद्यात उतरावे लागणार आहे, आणि तिच्या कुळाची आठवण करून देणारी एखादी तसबीर कधीतरी पुन्हा कोणाच्या हाती लागणार आहे. नाटकाने तिला लग्न मिळवून दिले. तिचा शब्द लग्नाच्या आधीही तितकाच खरा होता, हे अश्विनशेठला तसबिरीचा सगळा प्रवास कळल्यानंतर पटले. विद्यार्थ्यांनी या नाटकाकडे परत वळावे ते या क्रमाकडे लक्ष देण्यासाठी : तिच्यावरचा विश्वास उलगड्याच्या आधी यायला हवा होता, तो नंतर आला.